साभार परत

आमच्या ड्रॉइंगच्या सरांचं चित्र मुंबईच्या वार्षिक प्रदर्शनात लागलेलं नाही. या वाक्यात 'अजून' हा शब्द हवा, पण तो घालण्याचा हक्क सरांचा आहे आणि ते तो दरवर्षी बजावतात. प्रदर्शन कुठलं, ते विचारू नका. मुंबईत वर्षाकाठी बरीच प्रदर्शनं भरतात, सरांनी सगळीकडे चित्रं पाठवून झालेली आहेत, आणि परीक्षकांपैकी काही जण हयात आहेत.

असे सर प्रत्येक तालुक्यात एक तरी असतात. ए.टी.डी. करून ऐन तारुण्यात शाळेला लागतात आणि त्या दिवसापासून गावात जे जे काही हाताने लिहायचं, रंगवायचं किंवा सजवायचं असेल ते त्यांच्या गळ्यात पडतं. फळ्यावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाचा पडदा, निरोप समारंभाचं मानपत्र, गणपतीची आरास, मतदार जागृतीची रांगोळी, सरपंचांच्या घरच्या लग्नातलं 'सुस्वागतम'. दीडशे प्रमाणपत्रांवर नावं घालायची वेळ आली की स्टाफरूममधल्या बाकी सगळ्यांची अक्षरं एकाएकी किरटी होतात. आमच्या सरांचं अक्षर वळणदार आहे, आणि त्याची शिक्षा ते नोकरीभर भोगत आले. माणसाकडे बघताना एक डोळा मिटतात, हात लांब करून अंगठ्याने त्याचं डोकं मोजतात. नव्या मुख्याध्यापकांनी रुजू झाल्या दिवशी याचा वेगळाच अर्थ घेतला होता.

भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याला वळसे घालत वरंधा घाटाकडे निघतो, त्या वाटेवर आमची हिर्डोशी. हा सगळा हिरडस मावळ. बांदलांचा आणि बाजीप्रभूंचा मुलूख. या खोऱ्यातल्या माणसांची निवड १६६० साली घोडखिंडीसाठी झाली, ती इतिहासात गाजली. त्यानंतरची निवड व्हायची राहिली आहे ती सरांची, असं स्टाफरूममध्ये बोललं जातं. सरांसमोरही बोललं जातं. ते हसतात आणि म्हणतात, "अजून."

शाळेत त्यांचा दरारा आहे तो एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांमुळे. इंटरमिजिएटला श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, हे कळल्यापासून पालकांनाही कलेची ओढ लागली आहे. एरवी मुलाने वहीच्या मागे चित्र काढलं तर पाठीत रट्टा घालणारा बाप सप्टेंबर आला की सरांना बांधावर गाठून विचारतो, "आमच्या पोराची छायाप्रकाशाची बाजू कशी हाय?" वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर एक तांब्याची घागर, एक मळकट फडकं आणि दोन वांगी असतात. घागर आणि फडकं सर रुजू झाल्यापासून तीच आहेत. वांगी तास संपला की शिपाई नेतो.

पण हे सगळं पोटासाठी. सरांचं खरं वर्ष सुरू होतं ते मुंबईला प्रदर्शन भरलं की. पहाटेची एसटी, भोर, स्वारगेट, पुणे स्टेशन, मुंबई आणि मग काळा घोड्यापर्यंत पायी. १९५२ साली बांधलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारात उभं राहून ते आधी परीक्षकांची नावं वाचतात. आत गेल्यावर इतर चित्रांकडे ढुंकून न बघता थेट बक्षिसाची चिठ्ठी लावलेल्या चित्रासमोर जाऊन थांबतात. पिशवीतून टेप काढतात. लांबी, रुंदी, फ्रेमची पट्टी, माउंटचा समास, सहीची जागा, सगळं एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतात. वहीवर बोरूने लिहिलेलं आहे: 'परीक्षकांचा कल'. तिथल्याच समोवार कॅफेमध्ये मोठमोठे चित्रकार बसतात असं ऐकून ते एकदा तिथे जाऊन चहाही पिऊन आले होते. २०१५ साली समोवार बंद झालं, तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. संस्थेचे कुणी पदाधिकारी गेले असं समजून आम्हीही माना खाली घालून उभे राहिलो.

घरी आले की पुढचं वर्षभर सर गेल्या वर्षीच्या बक्षिसासारखं चित्र काढतात. आणि वर्षभराने परीक्षक बदललेले असतात.

एवढंच त्यांचं दुर्दैव. बाकी हाताला काही खोट नाही. सुरुवातीची वर्षं निसर्गचित्रांची होती. या बाजूला जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कागद गणपतीपर्यंत वाळत नाही. हवाच ओली. जलरंगाचा एक हात दिला की दुसरा हात देण्यासाठी कागद चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगायचा, असा सरांनी शोध लावला. त्यामुळे त्या काळातली त्यांची सगळी चित्रं भर पावसाळ्यातली असून तांबूस पिवळी आहेत आणि त्यांना शिंक येईल इतका धुराचा वास आहे. 'देवघर जलाशय, श्रावण' हे चित्र परत आलं तेव्हा वहिनींनी ते हुंगून सांगितलं, "त्या दिवशी सुकटीचं कालवण होतं." सरांनी मान्य केलं.

मग एका वर्षी मुंबईला अमूर्त चित्राला बक्षीस मिळालं. सर परतले ते बदलून. नीरा नदी गेली, हिरडीची झाडं गेली, उरला तो करडा रंग आणि त्यात एक तिरकी तांबडी रेघ. चित्राचं नाव 'संरचना ७'. मी विचारलं, आधीच्या सहा संरचना कुठे आहेत? सरांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "परीक्षकाला वाटलं पाहिजे की हा गृहस्थ या विषयावर बरीच वर्षं झटतोय." त्या वर्षी बक्षीस मिळालं ते एका शेळीला. शेळी हुबेहूब होती. सरांनी टेप काढला.

याच सुमारास, डिसेंबर २०१३मध्ये, क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात वासुदेव गायतोंड्यांचं १९७९ सालचं एक अमूर्त चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. सरांनी बातमीचं कात्रण स्वयंपाकघराच्या दारावर डकवलं. वहिनींनी ते दोनदा वाचलं आणि माळ्याकडे पाहिलं. माळ्यावर तोपर्यंत परत आलेल्या फ्रेमा आणि कांदे एकत्र असायचे. त्या दिवशी कांदे खाली आले.

वारली वर्ष फारसं सांगण्यासारखं नाही. आमच्या खोऱ्यात एकही वारली कुटुंब नाही, आणि सरांनी काढलेल्या तारपा नाचात एका बाईच्या डोक्यावर भोरच्या बाजारातली प्लास्टिकची घमेली होती. ती सरांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे काढलं म्हणून होती, पण परीक्षकांना प्रामाणिकपणा ओळखता आला नाही. 'विस्थापन' या विषयाचं वर्ष मात्र माझ्या लक्षात राहिलं आहे. मुंबईच्या कुणा चित्रकाराने विस्थापनावर मालिका केली होती आणि तिला पारितोषिक होतं. सर ती पाहून आले, आठवडाभर बेचैन होते आणि मग एका संध्याकाळी मला म्हणाले, "विषय जबरदस्त आहे हो. पण आपल्याकडे विस्थापन कुठून आणायचं?" आम्ही तेव्हा धरणाच्या भिंतीवर बसलो होतो.

नवी अडचण आली ती निवेदनाची. पूर्वी अर्जात नाव, चित्राचा आकार, माध्यम आणि किंमत एवढंच भरावं लागे. किमतीच्या रकान्यात सर 'विक्रीसाठी नाही' असं लिहीत. विकत मागितलं असतं तर फ्रेम सोडून दिलं असतं. पुढे दीडशे शब्दांचं कलाविषयक निवेदन मागायला लागले. मी मराठी शिकवत असल्याने ते काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: 'या चित्रात भाताची मळणी दाखवली आहे.' सरांनी खोडून केलं: 'श्रमाच्या अवकाशातील स्मृतींचे अस्तित्वगत विघटन.' मी म्हटलं, सर, खळ्यावर तुमचे चुलते उभे आहेत, ते ओळखूही येतात. "तेच विघटित झालेत," सर म्हणाले. चुलते त्या वेळी समोरच्या ओट्यावर तंबाखू मळत होते.

एव्हाना कुणालाही वाटेल की हा मनुष्य अनुकरण करणारा. तसं म्हणणं सोपं आहे, पण सरांची बाजू निराळी आहे. त्यांच्या मते वार्षिक प्रदर्शन ही परंपरा आहे आणि परंपरेत रांगेत उभं राहावंच लागतं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ची, कला संचालनालय १९६५चं. या तारखा त्यांना नातेवाइकांच्या जन्मतारखांपेक्षा पक्क्या ठाऊक आहेत. गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' १८९६ची, म्हात्रे तेव्हा विद्यार्थी. अमृता शेरगिलच्या तीन मुलींच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक १९३७ साली, आणि १९४७ साली सोसायटीच्याच प्रदर्शनात हुसेनचं 'सुनहरा संसार'. सर हे सांगताना आवाज खाली आणतात. "हुसेन त्याआधी काय करायचे? सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. मीही सुस्वागतम लिहितोच की."

मांडणशिल्पाचं वर्ष आलं तेव्हा प्रकरण घराबाहेर गेलं. सरांनी मुंबईत पाहिलं की आता भिंतीवर काही टांगायची गरज नाही. वस्तू जमिनीवर मांडल्या तरी चालतं. त्यांनी गावातली जुनी इरली गोळा केली. बांबूच्या कामट्यांची, पानांनी शाकारलेली. लावणीला हल्ली बाया प्लास्टिकचा कागदच पांघरतात, त्यामुळे इरली माळ्यांवर नुसती पडून होती. अकरा इरली, सुतळीने एकात एक अडकवून, सर पहाटेच्या एसटीला उभे राहिले. कंडक्टर त्यांचा माजी विद्यार्थी.

"सर, ह्ये काय वं?"

"मांडणशिल्प."

"नग किती?"

"हे नग नाहीत. सगळं मिळून एकच कलाकृती आहे."

"एकच असंल तर एका हातात धरा, मी लगेज लावत न्हाय."

सर भोरपर्यंत एका हातात अकरा इरली आणि दुसऱ्या हाताने वरचा दांडा धरून उभे होते. कलाकृती मुंबईला पोचली आणि परत आली. येताना दहाच इरली होती. सर म्हणाले, "त्यांना त्यातलं एक आवडलं असावं."

मग नैसर्गिक रंगांचं वर्ष. मुंबईला कुणीतरी झाडपाल्याच्या रंगात काम केलं होतं. आमच्या मुलखाचं नावच हिरड्यावरून; उन्हाळ्यात माणसं बाळहिरडा गोळा करून वाळवतात, व्यापारी किलोवर नेतो. हिरडा उकळून त्यात गंजके खिळे टाकले की काळी शाई तयार होते, ही आपल्याकडची जुनी विद्या. सरांनी ती वहिनींच्या पुरणाच्या पातेल्यात केली. शाई फार सुरेख झाली, तिचा काळा अजून उतरलेला नाही. पातेल्याचाही नाही. वहिनी भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या वर्षीचा हिरड्याचा भाव, फ्रेमचा खर्च आणि प्रवेशशुल्क एका कागदावर मांडून दाखवलं. सर म्हणाले, आकडे सुंदर काढलेस.

अलीकडे पहिल्या फेरीला फोटोच पाठवायचा असतो. सरांना याचं फार वाईट वाटतं. आधी नकारासाठी निदान मुंबईला जावं लागे. 'निवड न झालेल्या कलाकृती अमुक तारखेपर्यंत घेऊन जाव्यात, त्यानंतर संस्था जबाबदार नाही' असा छापील कागद मिळे, त्यावर शिक्का असे. तसे सगळे कागद सरांनी तारखेवार लावून ठेवले आहेत. आता मोबाइलवर चार ओळी येतात. "नाकारण्यातसुद्धा काही रीत राहिली नाही," सर म्हणतात.

अशातच गौरी-गणपतीला तैवानवाला आला. सरांचा माजी विद्यार्थी, इंटरमिजिएटला सी श्रेणी. पुढे इंजिनिअर झाला आणि आता तैवानात शिंचूला चिपच्या कारखान्यात असतो. तैवान म्हणजे पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे जोडले तर होईल त्याहून थोडं मोठं बेट, वस्ती सव्वादोन कोटींच्या पुढे. त्याने सरांसाठी एक जाडजूड रंगीत पुस्तक आणलं होतं. ताइचुंग शहरात राष्ट्रीय ललित कला संग्रहालय आहे, १९८८ साली उघडलेलं. तिथे २००८पासून दर दोन वर्षांनी देशातल्या चालू कलेचं मोठं प्रदर्शन भरतं, तैवान द्वैवार्षिकी. पुस्तक २०२०च्या प्रदर्शनाचं होतं. मांडणी याओ जुइ-चुंग नावाच्या चित्रकाराने केलेली, आणि विषय जनावरं: माणूस आणि पशू यांत हलकं कोण, असा काहीसा.

सरांनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा पडला. ज्या वर्षी तिकडे जनावरांवर अख्खं प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या आदल्याच वर्षी सरांचा बैल मुंबईहून परत आला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते एका वर्षाने पुढे होते, आणि तेही चुकीच्या देशात.

पण हाडाचा उमेदवार असा खचत नाही. त्यांनी पेन काढलं. "प्रवेशशुल्क किती?"

"नसतं, सर."

"वा! अर्ज कुठे मिळतो?"

"अर्ज नसतो, सर. क्युरेटर विषय ठरवतात आणि चित्रकारांना बोलावतात."

"बक्षिसं?"

"तीपण नसतात."

सर थांबले. कोचीचं त्यांना माहीत होतं. १२ डिसेंबर २०१२ला सुरू झालेली ती द्वैवार्षिकी बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोघा जे.जे.वाल्यांनी उभी केली. तिथेही अर्ज नाही, हे त्यांनी तरुणांचा उत्साह म्हणून माफ केलं होतं. पण इथे सरकारी संग्रहालय, आणि अर्ज नाही?

"मग नाकारतात कसं?" सरांनी विचारलं.

"नाकारत नाहीत, सर. बोलवतच नाहीत."

सर बराच वेळ आरतीच्या ताटाकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "हे फार क्रूर आहे रे. म्हणजे माणसाला आयुष्यभर कळणारच नाही की तो नापसंत आहे."

तैवानवाल्याला गुरुजींना असं सोडून जाणं बरं वाटेना. आरती झाल्यावर त्याने मोबाइलवर शोधून शोधून सरांना तिथला जुना किस्सा वाचून दाखवला. तैवानवर १८९५ ते १९४५ जपानचं राज्य होतं. १९२७ साली जपान्यांनी तायपेला आपल्याकडच्यासारखं वार्षिक प्रदर्शन सुरू केलं: अर्ज, परीक्षक, निवड, सगळं रीतसर. पौर्वात्य चित्रांच्या विभागात बेटावरच्या नामांकित, वयस्क शाईचित्रकारांनी चित्रं पाठवली. आणि निकाल लागला तेव्हा हे सगळे बुजुर्ग बाहेर. स्थानिकांपैकी आत घेतली ती विशीच्या आसपासची तीन पोरं: चेन चिन ही मुलगी, लिन यु-शान आणि कुओ शुए-हू. म्हाताऱ्यांनी जुन्या चित्रवह्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या गिरवलेले डोंगर पाठवले होते. जपानी परीक्षकांना समोर बघून काढलेलं चित्र हवं होतं. बाहेर पडलेल्यांची चित्रं मग वेगळी मांडली गेली, नापसंतांचं निराळं प्रदर्शन म्हणून.

आता यातून आमच्या सरांनी काय घ्यावं? डोळ्यांसमोर धरण आहे, बाहेर पाऊस आहे, कोपऱ्यात 'परीक्षकांचा कल' नावाची वही आहे. तैवानवाला आशेने त्यांच्याकडे बघत होता. मीही बघत होतो. सर उठले, माळ्याखाली जाऊन वर पाहिलं आणि म्हणाले, "नापसंतांचं प्रदर्शन!"

पॅरिसला १८६३ साली नेपोलियन तिसऱ्याच्या परवानगीने नाकारलेल्यांचं असंच प्रदर्शन झालं होतं आणि माने या फ्रेंच चित्रकाराचं चित्र त्यात होतं, हे सर मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. पण पॅरिसचं ते पॅरिसचं. तायपेला जमलं म्हणजे भातखाचरांच्या मुलखात जमतं. हिर्डोशीत का नाही?

प्रदर्शन देवळाच्या सभामंडपात ठरलं. आता सरांनी एवढंच करायचं होतं की माळ्यावरच्या फ्रेमा खाली आणून टांगायच्या. पण अर्ज नसलेलं प्रदर्शन त्यांच्या कल्पनेत बसेना. त्यांनी भोरला जाऊन शंभर अर्ज झेरॉक्स करून आणले. प्रवेशशुल्क वीस रुपये. अटी बारा. त्यातली तिसरी अट त्यांच्या मते प्रदर्शनाचा प्राण होती: 'कलाकृतीसोबत यापूर्वी नाकारले गेल्याचे मूळ पत्र जोडणे आवश्यक.' जाहिरात एसटीच्या थांब्यावर, दूध डेअरीत आणि रेशनच्या दुकानात लावली. जाहिरातीचं अक्षर इतकं देखणं होतं की लोकांनी ती थांबून वाचली. आणि लोकांनी त्यातून तिसरी अट तेवढी उचलली.

भोर आणि वेल्ह्यातल्या काही ड्रॉइंग शिक्षकांनी चित्रं आणली. त्यांत रोहिडा किल्ला तीन वेळा होता आणि पिंपळपानावरचा गणपती दोन वेळा. पण सभामंडपाबाहेर रांग लागली ती वेगळीच. पहिल्या माणसाच्या हातात पीक कर्ज नामंजूर झाल्याचं पत्र होतं. त्याच्यामागे सातबाऱ्यावर नाव लावण्याचा फेटाळलेला अर्ज. एक पोरगा पोलिस भरतीत उंची अर्ध्या सेंटिमीटरने कमी पडल्याचा कागद घेऊन आला होता. एका गृहस्थाने मुलीसाठी आलेला नकार आणला होता, पोस्टकार्डावर, 'पत्रिका जुळत नाही' एवढाच. मुलीला आता दोन मुलं आहेत, पण कार्ड त्यांनी जपून ठेवलेलं. एकाने नुसता मोबाइल आणला, त्यात एसएमएस होता. सरांनी त्याला परत पाठवलं: "प्रिंट काढून आण."

मला वाटलं, सर आता हात जोडून सांगतील की बाबांनो, हे चित्रांचं प्रदर्शन आहे. सरांनी पहिलं पत्र उजेडात धरलं. एक डोळा मिटला. हात लांब करून अंगठ्याने शिक्का मोजला.

"रचना बघा," ते मला म्हणाले. "जांभळा शिक्का असा तिरका, उजव्या कोपऱ्याला तोलून धरणारी सही, आणि मधे केवढा अवकाश! एवढी धिटाई माझ्यात कधी आली नाही."

त्यांनी एकेक पत्र माउंट केलं. चारी बाजूंनी दोन-दोन इंच समास. खाली चिठ्ठीवर बोरूने नाव, गाव, माध्यम ('सरकारी कागदावर शाई व शिक्का') आणि किंमत: विक्रीसाठी नाही. माळ्यावरच्या त्यांच्या स्वतःच्या फ्रेमांना भिंत पुरली नाही. त्या नगारखान्यात उभ्या करून ठेवाव्या लागल्या. वहिनी म्हणाल्या, आपल्याच घरच्या प्रदर्शनातही लागला नाहीत. सरांना ऐकू गेलं नसावं. ते पोस्टकार्डाला माउंटचा रंग शोधत होते.

आणि मग, निवड. मी म्हटलं, सर, आलेत तेवढे सगळे लावून टाका. "छे! मग ते तैवानसारखं होईल." ते टेबलामागे बसले, तांबडं पेन काढलं आणि बारा अटींवर एकेक अर्ज घासून पाहू लागले. एरवी कुणाला 'नको' म्हणता न आल्यामुळे जन्मभर प्रमाणपत्रं लिहीत बसलेला हा माणूस त्या दिवशी ओळखू येत नव्हता. एक चुरगळलेलं पत्र बाद झालं, एक समास नसलेलं. रोहिडा किल्ले तीनही बाद. "कुणीतरी समोर बसून काढलाय का हा? कॅलेंडरवरून उचललाय," सर म्हणाले. मी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, पण त्यांनी पुढचा अर्ज ओढला होता.

शेवटी वरच्या वाडीच्या आत्याबाई आल्या. घरकुलाचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर घडी करून. सरांनी घडी उलगडली, दोन्ही बाजूंनी पाहिली.

"आत्या, ही झेरॉक्स आहे. मूळ पत्र लागतं."

"मूळ त्येंनीच ठिवून घेतलं बाबा."

"मग नाही बसत. तिसरी अट."

आत्याबाईंनी वीस रुपये परत मागितले नाहीत. पिशवीचं तोंड आवळून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"मंग तसं लिवून द्या."

सरांनी कागद घेतला. बोरू शाईत बुडवला, तीच ती हिरड्याची शाई, आणि आयुष्यात कुणाच्या मानपत्रावर काढलं नसेल इतक्या निगुतीने अक्षर काढलं: 'आपली कलाकृती निवड समितीच्या पसंतीस उतरू शकली नाही. साभार परत.' खाली सही, तारीख, आणि खास करून घेतलेला प्रदर्शनाचा रबरी शिक्का. आत्याबाईंनी तो कागद रांगेतल्या पोलिस भरतीवाल्या पोराकडून वाचून घेतला, शाई वाळेपर्यंत हातात धरला.

"ह्यो शिक्का खराच हाय न्हवं?"

"खराच आहे, आत्या."

"आन् ह्ये मूळ पत्रच हाय?"

"मूळच आहे."

"झालं तर," कागदाची रेशनकार्डात घडी घालत त्या म्हणाल्या. "पुढल्या साली ह्येच जोडते."